वल्ह्यावर हिल्का

"तोंड बंद ठेवणार असशील तरच होडीत ये," मी काउकोला म्हणालो.

"आणि श्वास? तो घेतला तर चालेल ना, दाजी?"

"हळू घे."

तो हसला. काठावरच्या चिखलातून रबरी बूट ओढत आला आणि वल्ह्यांच्या फळीवर धपकन बसला. होडी दोन्ही बाजूंना डुलली. हिल्का, माझी बायको, कधी अशी बसली नाही. ती बसली की होडी बोटभर खाली जायची, तेवढंच. त्यावरून मला कळायचं की आता निघायचं.

काउको हा हिल्काचा धाकटा भाऊ. आम्ही दोघं तरुणपणी प्लायवूडच्या गिरणीत एकाच पाळीला होतो. पुढे त्याने गिरणी सोडून टॅक्सी घेतली, कारण मशीनच्या आवाजात त्याचं बोलणं कुणाला ऐकू जायचं नाही. गेली तीस वर्षं तो गावात टॅक्सी चालवतो आणि बोलतो. माझ्या मुलीने, तुइयाने, त्याला तांपेरे शहरातून फोन केला होता. बाबाला एकट्याला पाण्यावर जाऊ देऊ नको म्हणाली. हे काम एकट्याने होतच नाही, हे तिला ठाऊक नाही. तिच्या घरी मासा पाकिटातून येतो.

संध्याकाळचे साडेसात वाजले होते. पूर्ण अंधार होता. वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं. ऑक्टोबरात अशा सात-आठ संध्याकाळी मिळाल्या तर नशीब. पाऊस झाला की पाणी गढूळ, वारा सुटला की तळ दिसत नाही, आणि नोव्हेंबरात काठाला बर्फ धरतो. या थोड्या दिवसांत अंधार पडला की पाइक मासा उथळ पाण्यात येतो आणि दगडांमध्ये पडून राहतो. होडीच्या टोकाला लोखंडी जाळीत राळेचं लाकूड पेटवायचं. एकाने वल्हवायचं. एकाने पाच दात्यांचा भाला घेऊन टोकाला उभं राहायचं. माझा बाप हेच करायचा आणि त्याचा बापही.

काउकोला मी नाहीच म्हणणार होतो. मग हो म्हणालो. त्याला कारण होतं.

एप्रिलमध्ये हिल्काला पुरल्यावर चर्चच्या सभागृहात कॉफी होती. लोक केक खात होते आणि जो तो मला सांगत होता की बरं झालं, फार दिवस हाल झाले नाहीत. मी प्रत्येकाचा हात हातात घेत होतो आणि प्रत्येकाच्या थोबाडीत द्यावी असं वाटत होतं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर काउकोचा आवाज आला. "टॅक्सीत हिल्का मला ती वल्ह्याची गोष्ट सांगायची ना, हसून हसून नुसती..." त्याच्या बायकोने, राइलीने, त्याचं कोपर धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

तो विषय तिथे संपला. मी सहा महिने वाट पाहिली. पेट्रोलपंपावर अनोळखी माणसाला स्वतःच्या मूळव्याधीची हकीगत सांगणारा हा माणूस, पण एवढी एक गोष्ट गिळून बसला.

होडीतून कुणाला उठून जाता येत नाही. म्हणून मी हो म्हणालो.

लाकडाने जाळ धरला. राळ चरचरली, काळा धूर निघाला, मग ज्योत मोठी झाली. मी भाला घेऊन उभा राहिलो आणि पाण्यात बघायला लागलो. काउकोने वल्ही टाकली. पहिल्याच फटक्याला वल्हं होडीच्या कडेवर आपटलं.

होडीत बोलायचं नाही.

हा नियम बापाचा. मी लहान असताना एकदा होडीत बापाला काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं ते आता आठवत नाही. बाप खाली बघतच म्हणाला, बोलायचं असेल तर इथे उतर आणि चालत घरी जा. सरोवराच्या मधोमध होतो आम्ही. आवाज केला की पाइक पळतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा नियम असा की भालेवाल्याने मागे वळायचं नाही. जाळाकडे बघितलं की डोळे दिपतात, मागच्या काळोखात बघितलं की पुन्हा तळ दिसायला वेळ लागतो. तेवढ्यात मासा जातो. म्हणून फक्त खाली बघायचं.

लग्न झालं त्या वर्षी हिल्का पहिल्यांदा वल्ह्यावर बसली. माझा पाय घसरला आणि मी भाल्यासकट गुडघ्यावर पडलो. ती मोठ्याने हसली. पाइक गेला. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आपणहून होडीत येऊन बसली, आणि त्यानंतर अडतीस शरद ऋतूंत होडीत तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मी डावा हात पाठीमागे धरायचो. बोट उजवीकडे केलं की उजवीकडे, डावीकडे केलं की डावीकडे, पंजा उघडला की थांब. ती पुढे तोंड करून वल्ही ढकलायची आणि माझ्या पाठीकडे बघून होडी न्यायची तिथे न्यायची. पाण्याचा थेंब वाजायचा नाही.

गावात लोक मला विचारायचे, राउनो, एवढे पाइक तुलाच कसे मिळतात. मी म्हणायचो, त्याला नजर लागते. माझी नजर. असं अडतीस वर्षं म्हणालो.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोनशे मुलांचं जेवण. बटाट्याची पातेली, सूपचे डबे, ताटांच्या चळती. तिथल्या सगळ्या बायकांचे खांदे दुखतात. निवृत्त झाल्यावरही दुखतात. म्हणून मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये, जंगलातून ब्लूबेरीच्या बादल्या आणल्यावर, डावा खांदा दुखतो म्हणाली तेव्हा मी म्हणालो, दुखणारच. सप्टेंबरात तिने आरोग्य केंद्रात फोन केला. नर्सने एक कागद पाठवला. त्यावर एका बाईची चित्रं होती, रबराचा पट्टा ओढणारी. मीच तो पट्टा दाराच्या मुठीला बांधून दिला. नर्सने विचारलं होतं, दुसरा काही व्यायाम करता का. हिल्का म्हणाली, वल्हवते. नर्स म्हणाली, उत्तम, वल्हवणं खांद्याला फार चांगलं, करत राहा.

हिल्काने हे मला हसत सांगितलं. मी म्हणालो, बघ, नर्सच म्हणते.

ती नर्स मला अजून बाजारात दिसते. सफरचंदं दाबून बघत असते. तिला माझा चेहरा आठवत नाही. माझा चेहरा तिने कधी बघितलाच नव्हता. फोनवर होतं सगळं.

ऑक्टोबरात आम्ही चार संध्याकाळी गेलो. चौथ्या संध्याकाळी आल्डरच्या झाडांच्या भुशिराजवळ मला एक पाइक दिसला. दहा किलोच्या वर असेल. असा मी आयुष्यात दोनदाच बघितला. मी पंजा उघडला. होडी थांबली. मी भाला पाण्यात उतरवायला लागलो, हळूहळू, आणि वल्हं दगडावर आपटलं. खट्ट. पाइक गेला. तळाचा गाळ तेवढा वर आला.

मी भाल्याचं बूड होडीच्या तळावर दोनदा आपटलं. जोरात. मागे बघितलं नाही. बोट घराकडे केलं.

अंगणात आल्यावर म्हणालो, "अडतीस वर्षांत असं झालं नाही."

ती म्हणाली, "हात घसरला."

दुसऱ्या दिवशी वाफेच्या अंघोळीचा सॉना तापेपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

जानेवारीत तिला श्वास लागायला लागला तेव्हा छातीचे फोटो काढले. कॅन्सर निघाला. फुप्फुसातून सुरू होऊन खांद्याच्या हाडात गेलं होतं. किती दिवसांपासून, असं मी डॉक्टरला विचारलं. तो पोरगेला डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाला, सांगणं अवघड आहे, उन्हाळ्यापासून असावं.

म्हणजे होडीत होतं. ती बसायची त्या फळीवर होतं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्या संध्याकाळी तिला किती दुखत होतं. नेहमीचं, स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांचं असतं तेवढं, की दुसरं. मी तिला हॉस्पिटलात दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाली, आता त्याचं काय, राउनो. मग ती गेली. मग कॉफीच्या टेबलावर मला कळलं की काउकोला काहीतरी माहीत आहे.

इकडे काउको होडी पुढे नेत होता. तो वल्ही पाण्यातून उचलून पुन्हा टाकत होता. मधून मधून कण्हत होता. लव्हाळं ओलांडून आम्ही उथळावर आलो. पिवळा तळ दिसायला लागला, दगड, बुडालेल्या फांद्या.

"थंडी काय पडली आहे," काउको म्हणाला.

मी पाठीमागे पंजा उघडून दाखवला.

"थांबू?"

मी मूठ केली.

"ही कुठली खूण? दाजी, मला तुझ्या खुणा येत नाहीत. मी टॅक्सीवाला आहे. मला लोक तोंडाने सांगतात, चर्चकडे घे, दवाखान्याकडे घे. आणि तुझा तो भाला काय सरळ धरला आहेस, झेंड्यासारखा. पाहुणा आला तर सलामी देशील."

"काउको."

"बोललास. नियम मोडला. आता मीही बोलणार."

आणि तो बोलायला लागला. नगरपालिकेने बर्फ काढायचं कंत्राट कुणाला दिलं. राइलीचा गुडघा. कुणाच्या तरी सुनेने घेतलेली जर्मन गाडी आणि तिचा गिअरबॉक्स. मी मनात म्हणालो, काठाला लागू दे, याला याच वल्ह्याने हाणतो. माझ्या बापाच्या होडीत. हिल्काच्या जागेवर बसून.

आणि तेव्हा मला पाइक दिसला.

दोन दगडांमध्ये, होडीपासून तीन हातांवर. चार किलोचा असेल. डोकं आमच्याकडे. कल्ले हलत होते, हळू. बाकी काही हलत नव्हतं.

"...गिअरबॉक्स काढायला गाडीच आख्खी उचलावी लागते म्हणे. म्हटलं, मग उचला. सूनही बसवा त्यात..."

पाइक हलला नाही.

मी भाला मारला नाही. मी बघत राहिलो. काउकोचा आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत येत होता. आवाज मोठा आहे त्याचा. तो हसला, स्वतःच्याच विनोदावर, ढोलासारखा. पाइक तिथेच. एकदा शेपटी जराशी हलली आणि पुन्हा स्थिर झाली. त्याला काही ऐकू येत नव्हतं. वर आम्ही काय बोलतो, हसतो, रडतो, त्याला काही नाही. आपटलेल्या वल्ह्याला तो पळाला असता. बोलण्याला नाही. बोलण्याला कधीच पळाला नसता. पहिल्या वर्षी पळाला तो हसण्याने नाही. मी गुडघ्यावर पडलो तेव्हा भाला होडीवर आपटला, त्याने पळाला.

माझ्या बापाला हे माहीत नव्हतं. त्याच्या बापाला नव्हतं. कुणी होडीत कधी बोलूनच बघितलं नव्हतं.

मी भाला मारला. हवा होता म्हणून नाही. हात उठला म्हणून. भाला पाठीत बसला. मी मासा वर घेतला, होडीत टाकला, डोक्यावर लाकडाने एक फटका मारला. मासा थांबला.

"अरे वा," काउको म्हणाला. "आणि म्हणे बोलायचं नाही."

मी मागे वळलो. जाळाच्या बाजूने त्याच्याकडे बघितलं. डोळे दिपले होते, त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं. नुसती टोपी दिसत होती.

"चर्चमध्ये कुठली गोष्ट सांगत होतास?"

"कधी?"

"हिल्काला पुरलं त्या दिवशी. वल्ह्याची."

वल्ही थांबली.

"ती होय," तो मग म्हणाला. "जुनी काहीतरी. तुमच्या लग्नाच्या वेळची."

"आमच्या लग्नाच्या वेळी तू सैन्यात होतास."

"मग नंतरची असेल."

"काउको."

"राइलीने शपथ घातली आहे."

"राइली होडीत नाही."

"सांगितलं तर तू मला पाण्यात ढकलशील."

"नाही सांगितलंस तरी ढकलीन. पाणी चार अंश आहे. बूट भरले की तू फार वेळ बोलणार नाहीस."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मला घाई नव्हती. जाळात लाकूड बरंच होतं.

शहरातलं हॉस्पिटल आमच्याकडून नव्वद किलोमीटर. फेब्रुवारीत हिल्काला तिथे रेडिएशनच्या दहा खेपा होत्या. काउकोने नेलं-आणलं. पहिल्या दोन खेपांना मी गेलो. मग ती म्हणाली, तू घरी थांब, सॉना तापवून ठेव, आल्यावर बरं वाटतं. मी थांबलो. रोज सॉना तापवला. ती खालच्या फळीवर पाच मिनिटं बसायची. बाकीचा वेळ, जायचे नव्वद आणि यायचे नव्वद किलोमीटर, ती याच्याशी बोलत होती.

"मागच्या वर्षी," काउको म्हणाला, "दुसऱ्या संध्याकाळपासून तिचा डावा हात वर जात नव्हता."

"वर म्हणजे किती वर?"

"कोपराच्या वर नाही. केस बांधून घ्यायला राइलीकडे यायची. तू लाकडं फोडायला गेलास की यायची."

मी भाला होडीत आडवा ठेवला.

"मग तिने काय केलं, तू पाठ केलीस की डावं वल्हं गुपचूप आत घ्यायची. मागच्या फळीवर सरकायची. आणि उजवं वल्हं काखेत धरून एकाच हाताने वल्हवायची. शेवटी मनगट असं फिरवायचं म्हणे, की होडी वळत नाही. लहानपणी आमच्या आजोबांनी तिला शिकवलं होतं. मला कधी जमलं नाही."

"होडी सरळ जात होती," मी म्हणालो.

"तेच तर ती सांगायची. हसून हसून. म्हणायची, काउको, राउनो समोर पुतळ्यासारखा उभा आणि मी त्याला एका हाताने सरोवरभर फिरवून आणला. तीन संध्याकाळी. बोट दाखवेल तिथे. आयुष्यात एवढं चांगलं वल्हवलं नव्हतं मी, आणि त्या येड्याला पत्ताच नाही."

"येड्याला म्हणाली?"

"येड्याला म्हणाली."

"आणि हसत होती."

"गाडी बाजूला घ्यावी लागायची एवढी. हसली की दुखायचं, मग आणखी हसायची."

मी तिला तसं हसताना किती वर्षांत बघितलं नव्हतं ते मोजायला गेलो आणि सोडून दिलं.

"मला का नाही सांगितलं?"

"होडीत बोलायचं नाही ना," काउको म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"घरी आल्यावर?"

"घरी सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गेलाच नसतास. मी तिला विचारलं होतं हे. म्हणाली, पाण्यावर तेवढं बरं वाटतं. तिथे कुणी काही विचारत नाही." त्याने टोपी कानांवर ओढली. "आणि दाजी, खरं सांगू, तिला वाटत होतं खांदाच आहे. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. राइलीने मलम लावलं."

"आणि दगड?"

"कुठला दगड?"

"शेवटच्या संध्याकाळी. वल्हं दगडावर आपटलं. मोठा पाइक गेला."

"ते काही सांगितलं नाही तिने. मोठा म्हणजे किती मोठा?"

आठ खेपांत, चौदाशे चाळीस किलोमीटरमध्ये, तिने याला सगळं सांगितलं. केस बांधायचं, मनगट फिरवायचं, मी पुतळा, मी येडा. हे नाही सांगितलं. भाल्याचं बूड मी दोनदा आपटलं, ते नाही. दुसऱ्या दिवशी सॉना तापेपर्यंत काय झालं, ते नाही. याला सांगितलं असतं तर सगळ्या गावाला कळलं असतं. ते तिने स्वतःजवळ ठेवलं आणि घेऊन गेली.

मला तिचा राग आला. पाद्री म्हणेल, मेलेल्या माणसाचा राग धरू नये. त्याने धरू नये. मला आला. सहा महिने मी नर्सचा राग करत होतो, त्या पोरगेल्या डॉक्टरचा, केक खाणाऱ्या लोकांचा, काउकोचा. त्या सगळ्यांचा मिळून झाला नव्हता एवढा तिचा आला. एक शब्द. फक्त माझं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. पाइक हलला नसता. आणि हलला असता तर गेला असता. मी पाइक काय, भाला पाण्यात टाकून दिला असता.

टाकला असता का? हे मी तिथे उभ्या उभ्या स्वतःला विचारलं. तो पहिल्या वर्षीचा दोन दिवसांचा अबोला आठवला. उत्तर मला आवडलं नाही. तेव्हा माझा राग जिथे जायला हवा होता तिथे, माझ्यावरच, आला.

"ऊठ," मी काउकोला म्हणालो.

"दाजी, तूच म्हणालास सांग."

"ऊठ तिथून. पुढे ये. भाला धर."

"मला भाला येत नाही."

"नुसता धर. तोल सांभाळ. उठताना मधोमध पाय टाक."

आम्ही एकमेकांना धरून जागा बदलल्या. होडी इतकी कलली की पाणी आत आलं. मेलेला पाइक तळातून घसरत माझ्या बुटाला लागला. काउको टोकाला जाऊन उभा राहिला, दोन्ही हातांनी भाला धरून, पाय फाकवून.

मी वल्ह्यांच्या फळीवर बसलो. या होडीत मी या फळीवर कधी बसलो नव्हतो. आधी बाप बसवायचा टोकाला, मग मीच उभा राहिलो. इथून तळ दिसत नाही. मासा दिसत नाही. समोर जाळ, आणि जाळापुढे माणसाची पाठ. बाकी सगळीकडे काळोख. माणूस श्वास घेतो तेही पाठीवर दिसतं. काउकोच्या जाकिटाची शिवण खांद्यावर उसवली होती. मला ती इतकी स्पष्ट दिसत होती की दोऱ्याचा रंग सांगता आला असता.

मी डावं वल्हं आत घेतलं. मागच्या फळीवर सरकलो. डावा हात मांडीवर ठेवला. उजवं वल्हं काखेत धरून ढकललं आणि शेवटी मनगट फिरवलं.

होडी डावीकडे वळली.

पुन्हा ढकललं. मनगट जास्त फिरवलं. होडी डावीकडेच वळली. तिसऱ्यांदा वल्हं पाण्यात खोल गेलं, काखेतून निसटलं आणि कडेवर आपटलं. मी ते पुन्हा धरलं. खांदा भरून आला. माझा खांदा धड आहे, साठ वर्षं लाकडं फोडलेला.

"दाजी," काउको पुढे बघतच म्हणाला, "आपण गोल फिरतो आहोत."

"दिसतंय मला."

"दोन्ही वल्ही घे ना."

"नाही."

"तिला आजोबांनी शिकवलं होतं. आठ वर्षांची होती. आख्खा उन्हाळा लागला होता."

"गप्प बस, काउको."

"बरं."

"नको. गप्प बसू नको. बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल. ती आणखी काय म्हणायची ते सांग."

त्याने घसा साफ केला. वळून बघायला लागला, पण मी म्हणालो पुढेच बघ, तोल जाईल. तो पुढे बघत राहिला. मला वाटलं त्याला थंडी वाजते आहे, कारण त्याची पाठ हलत होती. मग कळलं की थंडी नाही, तो रडतो आहे. वल्हं ढकललं, मनगट फिरवलं.

जाळाच्या उजेडात तेच लव्हाळं चौथ्यांदा आलं, आणि गेलं.